श्वास देणारे हात

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर मागे पडले की चिंचपाडा हे छोटे स्टेशन लागते. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले हे गाव गुजरातच्या सीमेपासून फार दूर नाही. भोवतालची वस्ती मुख्यतः आदिवासी. इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या संस्थेचे चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल इथे आहे. श्वसनोपचाराच्या इतिहासाची सुरुवात आम्ही लंडन किंवा न्यूयॉर्कपासून न करता अशा गावापासून करतो आहोत, त्याला कारण आहे. यंत्रे मोजकी आणि माणसे त्याहून मोजकी असली की श्वासाचा उपचार म्हणजे नेमके काय, हे फार स्पष्ट दिसते.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, हे ग्रामीण भागात आपण ऐकतोच. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर आघात करते. मेंदूचा निरोप मज्जातंतूपर्यंत येतो, पण पुढे स्नायूपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासपटलाचे व बरगड्यांचे स्नायू थकतात. हृदय मात्र चालूच असते. बिघडलेली मज्जातंतूंची टोके काही दिवसांत पुन्हा कामाला लागतात. प्रतिविष दिल्यावरही ही दुरुस्ती लगेच होत नाही. म्हणून तेवढा काळ दुसऱ्या कोणी तरी रुग्णासाठी श्वास घेत राहणे आवश्यक असते. कृत्रिम श्वसनयंत्र असेल तर ते काम यंत्र करते. ते नसेल, किंवा रुग्ण गाडीतून मोठ्या रुग्णालयाकडे जात असेल, तर माणसाच्या हातातली रबरी पिशवी ते करते. मिनिटाला साधारण १५ वेळा, न चुकता, न थांबता.

हा दाबणारा हात कोणाचा? तो दमला तर दुसरा कोण येतो? आणि अशी शेकडो माणसे एकाच वेळी आजारी पडली, तर साथ ओसरल्यावर त्या हातांचे काय होते? या तीन प्रश्नांचा इतिहास फार रंजक आहे आणि तो आजही पूर्ण झालेला नाही.

कोपनहेगन, १९५२

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. तिथले साथीच्या रोगांचे रुग्णालय म्हणजे ब्लेग्दाम हॉस्पिटल. त्याचे प्रमुख डॉ. लासेन. रोज पन्नासपर्यंत रुग्ण येऊ लागले. त्यांतल्या अनेकांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले असत. रुग्णालयात एक मोठे लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा लहान यंत्रे, एवढीच सामग्री होती. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

ऑगस्टच्या अखेरीस भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. भूलतज्ज्ञ साथीच्या रुग्णालयात येणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मृत रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेले आढळत होते आणि डॉक्टर त्याचा अर्थ ‘रक्त अल्कधर्मी झाले’ असा लावत होते. इब्सेन यांनी तो उलटा वाचला. श्वास पुरेसा होत नसल्याने कार्बन डायऑक्साइड साठत आहे आणि बायकार्बोनेट त्यामुळे वाढले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्सिजन दिल्यामुळे रुग्ण गुलाबी दिसे, पण आतून तो गुदमरत असे. शिक्षकांनी हा मुद्दा वर्गात आवर्जून सांगावा: श्वसन म्हणजे केवळ ऑक्सिजन आत घेणे नव्हे, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे हाही त्याचा तितकाच मोठा भाग आहे.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर प्रयोग झाला. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी घातली गेली आणि नळीला रबरी पिशवी जोडण्यात आली. ती हाताने दाबून इब्सेन यांनी मुलीची फुप्फुसे भरली. मुलगी वाचली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर काही तास वापरली जाणारी भुलेची पद्धत आठवडेच्या आठवडे वापरता येईल, हे सिद्ध झाले.

पण पिशव्या दाबणार कोण? एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांना रात्रंदिवस हाताने श्वास द्यायचा होता. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. साथ संपेपर्यंत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास हे काम केले. म्हणजे प्रत्येकी सरासरी ११० तास. मिनिटाला १५ वेळा धरले तरी पिशवी दाबण्याची एकूण संख्या १४ कोटी ८५ लाखांवर जाते! श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून आधी सुमारे ४० आणि पुढे २५ टक्क्यांच्या आसपास आले.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण सांगताना भर इब्सेन यांच्या बुद्धीवर असतो. त्या बुद्धीला उभे राहायला जी व्यवस्था लागली, ती मात्र निसटते. विद्यार्थ्यांना सहा ते आठ तासांच्या पाळ्या लावलेल्या होत्या. मध्ये विश्रांती होती. कामाचा मोबदला मिळत होता. काम सुरू करण्यापूर्वी ते शिकवले जात होते आणि अडचण आली तर धावून येणारा भूलतज्ज्ञ जवळच असे. रुग्ण बहुधा मुले असत. विद्यार्थी एका हाताने पिशवी दाबत त्यांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्याशी खेळत. अर्थात काही मुले याच हातांखाली गेली. विशीतल्या तरुणांसाठी हा अनुभव हलका नव्हता. तरीही काम महिनोन् महिने चालले, कारण थकवा गृहीत धरून त्याची आखणी केलेली होती.

यंत्र राहते, माणूस पांगतो

साथीनंतर काय झाले? स्वीडनमधील कार्ल-गुन्नार एंगस्ट्रॉम यांच्यासारख्या संशोधकांची श्वसनयंत्रे पुढे आली. १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभारला. आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो, त्याची ही सुरुवात मानली जाते. डेन्मार्कमध्येच हेनिंग रुबेन हे भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हे अभियंते यांनी मिळून दाबल्यावर आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी तयार केली. १९५६ पासून ती ‘अँबू बॅग’ या नावाने जगभर गेली. तिला ऑक्सिजनच्या सिलिंडरवर अवलंबून राहावे लागत नाही, साधी हवाही चालते. आज गावोगावच्या रुग्णवाहिकेत दिसते ती हीच पिशवी.

यंत्रे राहिली, विद्यार्थी मात्र आपापल्या अभ्यासाकडे परतले, आणि ते स्वाभाविकच होते. पण यातून एक उणीव उरते. साथीत शिकलेले हातांचे कौशल्य कोणी तरी सांभाळून ठेवायला हवे. ते कौशल्य सांभाळणारा व्यवसाय वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच वाटेने आकार घेत होता.

अमेरिकेतील रुग्णालयांत ऑक्सिजनचे जड सिलिंडर खाटांपर्यंत ओढत नेणारे मदतनीस असत. त्यांना ना पदवी होती, ना ठरलेले शिक्षण. १९४६ मध्ये शिकागो येथे अशा मदतनिसांनी आणि काही डॉक्टरांनी एकत्र बसायला सुरुवात केली. व्याख्याने होत आणि अनुभवांची देवघेव होई. १९४७ मध्ये या मंडळींची संघटना रीतसर नोंदली गेली. पुढे तिची नावे बदलत गेली, परीक्षा व अभ्यासक्रम आले आणि ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’ म्हणजे श्वसनोपचारक हा स्वतंत्र व्यवसाय मान्य झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या व्यवसायाचा पाया कोणत्याही यंत्राच्या शोधाने घातला नाही. एकच काम करणारी माणसे ठरावीक दिवशी एकत्र जमू लागली, तेव्हा तो घातला गेला.

भारतात हे काम दीर्घकाळ भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि वॉर्डातले सहायक यांच्यात वाटलेले होते. वेल्लोर, मणिपाल अशा ठिकाणी श्वसनोपचाराचे स्वतंत्र शिक्षण मिळू लागले, व्यावसायिकांची संघटनाही झाली. पण जिल्हा पातळीवर आणि त्याखाली ‘श्वसनोपचारक’ हा शब्द बहुतेकांनी ऐकलेलाही नव्हता. कोविडची साथ आली ती या परिस्थितीत.

नंदुरबारचा धडा

नवापूर तालुक्याला साथ नवी नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक याच तालुक्यातील कोंबड्यांमध्ये निश्चित झाला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. ते काम करणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या देऊन देखरेखीखाली ठेवले होते. माणसांत लागण झाल्याचे तेव्हा आढळले नाही आणि संकट टळले.

कोविडच्या वेळी ते टळले नाही. मात्र या जिल्ह्याने एक गोष्ट लवकर ओळखली. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे पहिली लाट ओसरत असतानाच, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प उभारण्यात आला आणि पुढच्या काही महिन्यांत त्यात भर पडली. अशा प्रकल्पात दाबाखालील हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजातून पाठवतात. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवते आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की धरलेला नायट्रोजन सुटतो आणि तेच खनिज पुन्हा वापरता येते. एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावपळ सुरू झाली, तेव्हा नंदुरबारचे नाव सगळीकडे घेतले गेले ते यामुळे.

पण आमच्या मते नंदुरबारची दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्यात आल्या. रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ठरावीक वेळाने पाहणे, गरजेइतकाच प्रवाह ठेवणे, मुखवटा नीट बसला आहे का ते तपासणे आणि वाया जाणारा वायू थांबवणे, हे त्यांचे काम.

याचे महत्त्व एका साध्या गणिताने कळते. मिनिटाला ६०० लिटर ऑक्सिजन देणारा एक प्रकल्प धरू. प्रत्येक रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असतील तर तो ६० रुग्णांना पुरेल. तीव्र प्रवाहाच्या उपकरणाने मिनिटाला ६० लिटर दिले, तर फक्त १० रुग्णांना. आता त्या ६० रुग्णांपैकी प्रत्येकाला नीट पाहून सरासरी २ लिटर कमी देता आले, तर मिनिटाला १२० लिटर वाचतात. म्हणजे आणखी १२ रुग्णांची सोय झाली. नवा प्रकल्प न उभारता, केवळ कोणी तरी खाटेजवळ जाऊन पाहिले म्हणून.

ही परिचारिका म्हणजे नाव न मिळालेली श्वसनोपचारकच होती. साथीच्या घाईत गरजेने एक व्यवसाय जन्माला येत होता. प्रश्न हा की साथ ओसरल्यावर त्या कामाचे, आणि ते करणाऱ्या माणसांचे, काय करायचे.

टाळ्या आणि पाळ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने दगावले. जे वाचले त्यांनी अनेकांना गुदमरताना पाहिले होते. अशा अनुभवानंतर येणारी शक्ती आटल्याची भावना, कामाविषयीचा अलिप्तपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ असे वाटणे, यांना मिळून ‘बर्नआउट’ म्हणतात. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी केली. म्हणजे उपाय शोधायचा तो कामाच्या ठिकाणीच.

याचा पुरावा आधीच्या एका साथीत मिळतो. २००३ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात सार्सची साथ आली. तिच्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी संशोधकांनी ७६९ आरोग्यसेवकांची पाहणी केली. त्यांतले काही सार्सचे रुग्ण पाहिलेल्या टोरांटोच्या रुग्णालयांतले होते, तर काही साथ न पोचलेल्या शेजारच्या हॅमिल्टन शहरातले. साथ संपून वर्ष-दोन वर्षे झाली तरी टोरांटोच्या गटात बर्नआउट आणि मानसिक त्रास जास्त आढळला. आपल्याला पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठबळ मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांना मात्र हा त्रास कमी होता.

ही तिन्ही कारणे कोपनहेगनच्या व्यवस्थेशी किती जुळतात ते पाहा. शिकवून मग काम, ठरलेली पाळी, हाकेला येणारा जाणकार. आरोग्यसेवकांसाठी २०२० मध्ये देशभर टाळ्या वाजल्या. त्यामागची भावना खरी होती. पण धीर हा केवळ व्यक्तीचा गुण मानला, की त्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. पाळीची वेळ संपल्यावर दुसरा हात येणे हा दयेचा भाग मानू नये. दमलेला हात लय चुकवतो आणि रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. श्वास देणाऱ्याची विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरी गरज ओळखीची आहे. २०२१ मध्ये भारतीय संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत श्वसन-तंत्रज्ञ या व्यवसायाची नोंद आहे. शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि व्यावसायिकांची नोंदवही ठेवणे ही कामे त्यात सांगितली आहेत. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना निर्देश द्यावे लागले. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याला रजा कोण देणार, पुढचे शिक्षण कोण देणार आणि पुढच्या साथीत त्याला शोधणार तरी कसे?

तिसरी गरज सोबतीची, आणि ती शिक्षकांना सर्वांत लवकर पटेल. दुर्गम भागातल्या एकशिक्षकी शाळेची कल्पना करा. गुरुजी कितीही हुशार असले तरी शंका विचारायला दुसरे गुरुजी नाहीत, रजेवर जायचे तर शाळा बंद. केंद्रातल्या शाळांची महिन्याची शिक्षण परिषद त्यांना कितीही कंटाळवाणी वाटली तरी तिथे चार जण भेटतात, एकाची युक्ती दुसऱ्याला मिळते आणि ‘हे फक्त माझ्याच शाळेत होत नाही’ हे कळते. लहान रुग्णालयात श्वसनयंत्र सांभाळणारी परिचारिका किंवा तंत्रज्ञ नेमके असेच एकटे असतात. त्यांच्यासाठीही जिल्ह्यात महिन्याला एक बैठक का नसावी? तिथे यंत्राच्या अडचणी मांडाव्यात, दगावलेल्या रुग्णाविषयी दोषारोप न करता बोलावे, नव्याने आलेल्यांना जुन्यांनी शिकवावे. शिकागोत १९४६ साली याहून वेगळे काही घडले नव्हते.

साथ नसतानाही या कौशल्याला काम असते. सातपुड्याच्या परिसरात सिकलसेलचा आजार आहे आणि त्यात कधी कधी छातीचा गंभीर विकार उद्भवतो. लहान मुलांचा न्यूमोनिया आहे, क्षयरोग आहे, मण्यार तर आहेच. चिंचपाड्यासारख्या ठिकाणी श्वास देणारा हात बाराही महिने लागतो. तो शिकलेला, नोंदलेला आणि सोबत असलेला ठेवला, तर पुढची साथ येईल तेव्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

वर्गात करून पाहा

तीन-तीन विद्यार्थ्यांचे गट करा. प्रत्येक गटाला एक मऊ रबरी चेंडू आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ द्या. पहिल्याने दर चार सेकंदांनी, म्हणजे मिनिटाला १५ वेळा, चेंडू एका हाताने पूर्ण दाबायचा. दुसऱ्याने प्रत्येक मिनिटातले पूर्ण दाब मोजायचे, अर्धवट दाब सोडून द्यायचे. तिसऱ्याने ते तक्त्यात लिहायचे. असे सलग वीस मिनिटे करा आणि आलेख काढा. हात फार दुखला तर अर्थातच थांबावे आणि ती वेळही नोंदवावी. (फुगा किंवा पिशवी कोणाच्याही नाकातोंडाला लावू नये.) दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग दर दोन मिनिटांनी हात बदलून करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून फळ्याशेजारी लावा.

मग विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा: सहा तासांच्या पाळीत असे ५,४०० दाब द्यायचे असतील, तर एका रुग्णामागे किती माणसे नेमावीत? उत्तरे वेगवेगळी येतील. प्रत्येकाने आपले उत्तर स्वतःच्या आलेखावरून पटवून द्यावे.